बाळाचे मासे आणि फळं: जेवण एक, वाट्या दोन

तुमचं बाळ सात महिन्यांचं. तुम्ही मूळच्या चिपळूणच्या, आता पुण्यात. परदेशातल्या नणंदेने मासे-सफरचंद, मासे-नासपती अशा तयार बाटल्यांचे फोटो पाठवले आणि तुम्ही विचारलंत, हे घरी करता येईल का, मासा कोणता घ्यावा, आणि पुढच्या महिन्यात नोकरीवर जायचं आहे तर आठवड्याचं एकदम करून ठेवता येईल का. सासूबाई म्हणतात, मासे आणि दूध-फळं हे विरुद्ध अन्न, बाळाला कोड फुटेल. मी कोकणात लहान मुलांच्या आहाराचं काम करते. हे सगळे प्रश्न माझ्याकडे या ना त्या रूपात सतत येतात, म्हणून सविस्तर लिहिते.

मासे आत्ताच सुरू करा, वाढदिवसाची वाट पाहू नका. फळंही द्या, आणि दोन्ही एकाच जेवणात असतील तर उत्तमच. फक्त एकत्र वाटून एका वाटीत देऊ नका. मासे एका वाटीत, फळ दुसऱ्या वाटीत.

हा आग्रह कशासाठी? गोड चव बाळाला जन्मापासूनच आवडते, ती शिकवावी लागत नाही. शिकवावी लागते ती माशाची, भाजीची, डाळीची चव. सफरचंदात मिसळलेला मासा बाळ आनंदाने खातं, पण ते खातं सफरचंद. पुढे दहाव्या महिन्यात तुम्ही ताटातला साधा मासा भरवायला जाता तेव्हा ते तोंड फिरवतं, कारण ही चव त्याच्या ओळखीची नसतेच. नवी चव स्वीकारायला बाळाला आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा ती चाखावी लागते. पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं म्हणजे आवडलं नाही असं होत नाही. दोन दिवसांनी पुन्हा चमचाभर द्या. गोड लावून हा काळ आखूड करायला जाऊ नका.

दुसरं कारण व्यवहाराचं आहे. संत्रं, आंबा, अननस अशा फळांनी काही बाळांच्या ओठांभोवती लाली येते. ती बहुतेक वेळा आंबट रसाने त्वचा चुरचुरल्याची असते, ॲलर्जी नसते. पण मासे आणि फळ पहिल्यांदाच एकत्र दिलं आणि तोंडाभोवती लाल झालं, तर दोष कुणाचा हे ना तुम्हाला कळणार, ना डॉक्टरांना. म्हणून प्रत्येक नवा पदार्थ एकटा, सकाळी किंवा दुपारी, आणि पुढचा नवा पदार्थ दोन-तीन दिवसांनी.

मग एकाच जेवणात दोन्ही का हवेत? जन्माच्या वेळी मिळालेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो, आणि आईच्या दुधात लोह फार थोडं असतं. आपण नाचणीचं सत्त्व, मऊ भात, मुगाची डाळ देतो. त्यातलं लोह शरीरात कमी शोषलं जातं. त्याच जेवणात थोडा मासा असला की हे शोषण वाढतं, आणि क जीवनसत्त्वाचं फळ असलं तरीही वाढतं. पुष्कळ जणांची समजूत असते की मासा म्हणजेच भरपूर लोह. तसं नाही. पापलेटसारख्या पांढऱ्या माशात लोह बेताचंच असतं, बांगड्याच्या गडद मांसात त्याहून बरं. माशाची खरी देणगी म्हणजे उत्तम प्रथिनं, बी-१२, आयोडीन, आणि मेंदूच्या व डोळ्यांच्या वाढीला लागणारी ओमेगा-३ चरबी. त्यामुळे सरकारी योजनेतून मिळणारं लोहाचं सिरप (सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिलि) मासे सुरू केले म्हणून बंद करू नका.

फळ निवडतानाही हे लक्षात ठेवा. सफरचंद आणि नासपती वाफवून द्यावे लागतात आणि त्यांत क जीवनसत्त्व मुळात थोडं, वाफवल्यावर आणखी कमी. केळं आणि चिकू पोट भरायला छान, पण या कामाला तेही उपयोगाचे नाहीत. माशाबरोबर पिकलेली पपई द्या, मोसमात आंबा द्या, मोसंबीच्या फोडीचा साल-बी काढलेला गर द्या. पिकलेला पेरू तर फारच चांगला, मात्र बिया काढून, गर चाळणीतून घासूनच. ही फळं पिकलेली, न शिजवता तशीच द्यायची असतात, त्यामुळे तुमचं कामही वाचतं. फळाचा रस मात्र नको. चिकूची बी टोकाला आकड्यासारखी असते. फोड हातात घेऊन, नीट पाहून मगच कुस्करा. चमचाभर गर आयत्या वेळी खरवडला की झालं.

आता सासूबाईंच्या बोलण्याकडे. ते हवेतून आलेलं नाही. चरकसंहितेत मासे आणि दूध एकत्र खाऊ नयेत असं सांगितलेलं आहे आणि घराघरांत ते पिढ्यानपिढ्या पाळलं गेलं. पण कोड हा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रंगपेशींवर उलटल्याने होणारा विकार आहे. मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने तो होत नाही. बाळ तर दिवसभर आईचं दूध पीतच असतं, मासे द्यायचे म्हणून ते थांबवायचं कारण नाही. तरीही घरात यावरून रोज वाद नको असेल तर एक सोपा मार्ग आहे: मासा सैल करायला दूध वापरूच नका. मासा वाफवताना ताटलीत उतरलेला रस किंवा उकड्या तांदळाची पेज वापरा. चवीला तेच जास्त चांगलं लागतं, आणि भरवणाऱ्या आजींचं मनही शांत राहतं. तुम्ही ऑफिसात असताना बाळ त्यांच्या हातून जेवणार आहे, त्यांची खात्री पटणं फार महत्त्वाचं आहे.

मासा कोणता? सुरुवात पापलेट किंवा रावसने करा. पापलेटचा काटा मधोमध आणि कडेला असतो, मांसात बारीक काटे फारसे विखुरलेले नसतात. रावसाचे पापुद्रे जाड सुटतात, काटा बोटाला चटकन लागतो. नगली म्हणजे मुडदुशी मिळाली तर तीही उत्तम, पचायला हलकी. बांगडा आठव्या महिन्यानंतर घ्या, पाठीकडचं जाड मांस तेवढं काढून. ओमेगा-३ साठी बांगडा आणि तारली या सगळ्यांत सरस आणि खिशालाही परवडणारे, पण तारलीचे बारीक काटे वेचणं फार चिकाटीचं काम आहे. पहिल्या वर्षात ती टाळलीत तरी चालेल. बोंबील मऊ म्हणून बऱ्याच घरांत पहिला मासा तोच असतो. देऊ शकता, मात्र ओल्या बोंबलात ८५ ते ९० टक्के पाणीच असतं. चमचा भरलेला दिसतो, पोषण त्यात थोडं. वाफवल्यावर पाणी निथळू द्या आणि मधला काटा काढाच.

मोरी, म्हणजे मुशी, देऊ नका. हे मी ठासून सांगते, कारण आपल्याकडे बाळंतिणीला दूध वाढावं म्हणून मोरीचं कालवण देण्याची रीत अनेक घरांत आहे, आणि मोरीला बारीक काटे नसल्याने ती बाळाला सोयीची वाटते. पण मोरी हा शार्क आहे. मोठे, दीर्घायुषी, दुसरे मासे खाऊन जगणारे मासे अंगात पारा साठवतात, आणि पाऱ्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. दूध पाजणाऱ्या आईनेही मोरी टाळावी. त्याच कारणाने मोठी सुरमई आणि कुपा बाळाला वारंवार नकोत. घरात सुरमई आली आणि महिन्यातून एखाद वेळी तुकडा दिला तर घाबरू नका, पण आठवड्याचा नेमाचा मासा ती नसावी. सुकट, सुके बोंबील, खारवलेला बांगडा यांत मीठ फार, ते वर्षाच्या आत अजिबात नकोत. कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या ही वेगळी जात आहे. माशाची ॲलर्जी नाही म्हणून कोळंबीचीही नसेल असं धरून चालू नका. त्यांची ओळख मासे पचू लागल्यावर स्वतंत्रपणे करून द्या.

पुण्यात समुद्राचा मासा किनाऱ्यावरून बर्फात प्रवास करून येतो. हा प्रवास नीट झाला नसेल तर बांगडा, तारली, कुपा, सुरमई या माशांत हिस्टामीन नावाचा पदार्थ तयार होतो. मासा कितीही शिजवला तरी तो नष्ट होत नाही. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लाल होतो, पुरळ उठतं आणि सगळ्यांना वाटतं मुलाला माशाची ॲलर्जी आहे. बिचारं मूल मग वर्षानुवर्षं माशांपासून दूर ठेवलं जातं. म्हणून बाळासाठी मासा घेताना बाकीची खरेदी आधी आटपा, मासा शेवटी घ्या, बर्फासकट डब्यात घाला आणि थेट घरी या. डोळे फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लाल, बोटाने दाबलं की मांस परत वर यायला हवं. अख्खा मासा पाहून समोर कापून घ्या. आधीच कापलेल्या तुकड्यांत डोळेही दिसत नाहीत, कल्लेही. चांगला समुद्री मासा मिळत नसेल तर गोड्या पाण्यातला मरळ घ्या, त्यात बारीक काटे कमी. चिलापीही चालते, कडेचे मांसल तुकडे काढून घेतले की काट्यांचा त्रास नाही. रोहू-कटल्यात मात्र मांसाच्या आत दुफाटे काटे असतात, बाळासाठी ते नकोत.

आता कृती. १०० ग्रॅम बिनकाट्याचे तुकडे घ्या, धुवा, चिमूटभर हळद चोळा. मीठ नाही. हवी तर आल्याची चकती तुकड्यांवर ठेवा, शिजल्यावर काढून टाका. स्टीलच्या खोलगट ताटलीत ठेवून मोदकपात्रात किंवा इडलीच्या भांड्यात वाफवा. बोटाएवढ्या जाडीचा तुकडा आठ-दहा मिनिटांत होतो. मांस पूर्ण पांढरं, अपारदर्शक झालं आणि काट्याच्या चमच्याने पापुद्रे सुटले की शिजला. मध्यभागी काचेसारखी झाक दिसली तर आणखी दोन मिनिटं. ताटलीत जमलेला रस फेकू नका.

पुढची पायरी सगळ्यांत महत्त्वाची आणि तीच घाईत वगळली जाते. मासा कोमट झाला की हात स्वच्छ धुऊन, पांढऱ्या नव्हे तर गडद रंगाच्या ताटात पापुद्रे पसरा आणि प्रत्येक पापुद्रा अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये चिरडून पाहा. डोळ्याला न दिसणारा काटा बोटाला लागतो. एकदा तुम्ही पाहा, एकदा घरातल्या दुसऱ्या कुणाला पाहू द्या. त्यानंतरच मिक्सर किंवा खलबत्ता. मिक्सरने काटे नाहीसे होतात असं अनेक आयांना वाटतं. होत नाहीत. त्यांचे बारीक टोकदार तुकडे होतात, आणि वाटलेल्या मऊ गोळ्यात ते शोधणं मग अशक्य.

वाटताना दोन चमचे गरम रस किंवा पेज घाला आणि मिक्सर थोडा थोडा थांबवत फिरवा. सलग फिरवला की मासा चिकट, रबरासारखा होतो आणि बाळाच्या टाळूला लागून बसतो. अर्धा चमचा साजूक तूप किंवा नारळाचं दूध घातलं की सुळसुळीत होतो. मऊ भात किंवा नाचणीच्या पेजेत एक-दोन चमचे हा मासा मिसळा: भाताचे तीन भाग, माशाचा एक. लाल भोपळा वाफवून घातला तरी फार जमतो. मिसळायला माझी हरकत गोड फळापुरती आहे, भात-भाजीबद्दल नाही. पहिल्या दोन-तीन वेळा मात्र नुसता मासाच पेजेत सैल करून द्या, म्हणजे चव ओळखीची होईल.

फळ आणि मासा एकत्र शिजवण्याची आपली स्वतःची रीतही आहेच. कोकणात कालवणात कैरी पडते, गोव्यात हुमणात अंबाडे आणि बिंबलं. तिथे फळ आंबटपणासाठी असतं, माशाची चव झाकायला नाही. बाळासाठीही ते जमतं. वाफवताना तुकड्यावर कैरीची एक पातळ फोड ठेवा, नंतर तिचा चिमूटभर गर माशात कुस्करा. बाळ आधी डोळे मिचकावेल, मग जीभ बाहेर काढून पुन्हा मागेल. तुमच्या माहेरची चव अशी पोहोचवता येते, त्यासाठी परदेशी बाटलीची गरज नाही.

किती द्यायचं? पहिल्या दिवशी पाव ते अर्धा चमचा. मग वाढवत सात-आठ महिन्यांच्या बाळाला एका जेवणात मोठा चमचाभर, म्हणजे साधारण १५ ग्रॅम शिजलेला मासा पुरतो. वर्षाच्या आसपास २५-३० ग्रॅम. सात-आठ महिन्यांच्या वयात आईच्या दुधाशिवाय रोज साधारण २०० कॅलरी वरच्या अन्नातून हव्यात, दोन-तीन वेळा मिळून. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सहा महिन्यांपासून बाळाला मासे, अंडी किंवा मांस रोज मिळायला हवं. रोज मासाच हवा असं नाही. आठवड्यातून दोन-तीनदा मासा, बाकीच्या दिवशी अंडं किंवा चिकन. मध वर्षाच्या आत अजिबात नको, साखर दोन वर्षांपर्यंत नको.

वाटून गुळगुळीत करण्याचा काळ थोडाच असतो. आठवा महिना संपता संपता मिक्सर बाजूला ठेवा, बोटांनी कुस्करून द्या. नवव्या-दहाव्या महिन्यापर्यंत जाडसर घास मिळाला नाही तर काही मुलं पुढे चावायलाच तयार होत नाहीत.

आठवड्याची तयारी. १०० ग्रॅम कच्च्या माशाचे शिजून साधारण ७५ ग्रॅम होतात, म्हणजे पाच वेळचा मासा. झाकण असलेल्या बर्फाच्या ट्रेमध्ये एकेका मोठ्या चमच्याचे गोळे भरा. शिजल्यावर दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात तासाभरातच, फ्रीझरमध्ये गेले पाहिजेत. गोठले की डब्यात काढून तारीख लिहा आणि महिन्याच्या आत संपवा. उद्या लागणारा गोळा आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या भागात ठेवा, ओट्यावर नाही. सकाळी वाफ येईपर्यंत गरम करा, निवू द्या, भरवा. एकदा सुटलेला गोळा २४ तासांत संपवायचा, पुन्हा गोठवायचा नाही. चमचा तोंडात जाऊन आलेल्या वाटीत उरलेलं टाकून द्या. म्हणून वाटीत आधी थोडंच घ्या. वीज तासन्‌तास जात असेल तर फ्रीझरवर भिस्त ठेवू नका, त्या दिवशी पूर्ण शिजवलेल्या अंड्याचा बलक मऊ कुस्करून देणं सोपं. फळ गोठवू नका, ते आजींनी ताजंच खरवडून द्यावं.

पहिल्या काही वेळा मासा तुम्ही घरी असताना द्या. अंगावर गांध्या, ओठ किंवा डोळे सुजणं, खोकला, श्वासाला घरघर, बाळ एकाएकी मलूल होणं यांतलं काही दिसलं तर तडक रुग्णालय. आणखी एक प्रकार कमी माहीत आहे: मासा खाल्ल्यावर एक ते चार तासांनी पुन्हा पुन्हा उलट्या होतात, बाळ पांढरं पडून गळून जातं, अंगावर पुरळ मात्र काहीच नसतं. हीदेखील ॲलर्जीच, अपचन म्हणून घरी थांबू नका. बाळाला जोराचा इसब असेल किंवा आधी एखाद्या अन्नाची ॲलर्जी झाली असेल, तर पहिला चमचा डॉक्टरांना विचारूनच द्या.

काटा अडकल्याची शंका आली तर आपल्याकडची भाताचा गोळा किंवा केळं गिळायला लावण्याची रीत बाळावर करू नका, आणि घशात आंधळेपणाने बोटही घालू नका. बाळ खोकत असेल, रडत असेल, तर खोकू द्या आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. आवाजच बंद झाला, रंग बदलू लागला, तर बाळाला हातावर पालथं, डोकं खाली धरून पाठीवर खांद्यांच्या मध्ये पाच थापट्या, मग उताणं करून छातीच्या मध्यावर एका हाताच्या तळव्याच्या मनगटाकडच्या भागाने पाच दाब, आणि घास निघेपर्यंत आळीपाळीने हेच. दुसऱ्या कुणाला रुग्णवाहिकेला १०८ वर फोन करायला सांगा. हे आजींना तुम्ही बाहुलीवर दोनदा करून दाखवा, नोकरीवर रुजू होण्याआधी.

एक राहिलं. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात बाजारात दिसणारा समुद्री मासा बहुधा साठवणीतला किंवा लांबून आलेला असतो, आणि पुण्यात तो पोहोचेपर्यंत आणखी वेळ जातो. त्या दोन महिन्यांत बाळासाठी जिवंत मिळणारा मरळ, अंडी आणि चिकन यांवर भागवा. मेच्या शेवटी ताज्या रावसाचे गोळे करून ठेवलेत तर जूनचे पहिले तीन-चार आठवडे तेही पुरतील.